दुसरीचा शालू

सांगली,
१९ फेब्रुवारी २०२५

मालनबाई,

कशा आहात हे शेवटी विचारते, आधी कामाचं. माझा शालू धुऊन झाला का? डिसेंबरात तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, संक्रांतीनंतर कधीही मागवा. आता महाशिवरात्र आली.

फोन केला असता, पण माझे कान आता नावालाच उरलेत. यंत्र लावलं तरी फोनवर नुसती खरखर ऐकू येते. नंदकिशोरनी चार वेळा लावून पाहिला, तर तुमच्या दुकानात कुणी उचलत नाही. मेसेज करायचा तर माझा फोन अखंड शलाकाच्या हातात, आणि तिला मी सांगून बसले आहे की शालू आला, कपाटात आहे. तिची भुणभुण थांबवायला थाप मारली आणि आता निस्तरते आहे. म्हणून हे पत्र.

शलाकाचं लग्न चार मेला आहे. मुलगा आशय, इथलाच, घरचे लोक साधे आहेत. हल्लीच्या मुली बोहल्यावर काय काय घालून उभ्या राहतात ते तुम्ही दुकानात बघताच, पण आमच्या बाईसाहेबांनी पहिल्या दिवशी सांगून टाकलं, ‘मी आजीचा शालू नेसणार, नवीन काही आणू नका.’ मला भरून आलं. आईनं तो तिच्या लग्नात नेसला, मग मी माझ्या. वडील आधी गेले, त्यामुळे आईला तो नेसून जाताही आलं नाही. पांढऱ्या पातळात गेली बिचारी, शालू कपाटात राहिला. तिच्या हातचं, तिच्या अंगाचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच आहे.

नंदकिशोर म्हणाले, ‘सांगलीत काय ड्रायक्लीनर नाहीत?’ आहेत की. पैठणी आणि पोराचा कोट एकाच मशीनमध्ये फिरवून देतात. राजाजीनगरात एकोणीस वर्षं राहिले, तुमचे उमाजी जुनी जर मशीनला लावत नाहीत, मांडी घालून हातानं पांढऱ्या पेट्रोलनं एकेक बोट पुसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या भरवशावर एवढ्या लांब आणला.

ब्लाउजचं कापड काठाशी जुळवायचंय, तेव्हा लवकर पाठवा. आणि आता सांगा, कशा आहात?

कल्पना


राजाजीनगर, बेंगळुरू,
२७ फेब्रुवारी

कल्पनाताईंना मालनचा हात जोडून नमस्कार पोचावा.

तुमचं पत्र बघून बरं वाटलं. शलाकाचं लग्न म्हणजे आमच्या घरचंच कार्य. एवढीशी होती, दुकानात यायची आणि हँगर वाजवत बसायची. मुलगा चांगला भेटला, देवाची कृपा.

शालूचं असं आहे ताई, स्वल्प वेळ लागेल. उमाजीभावोजी गावाला गेले होते, आता आलेत पण त्यांची कंबर धरली आहे, मांडी घालवत नाही. जुनी जर, घाई करून चालत नाही. नंतर घडीच्या सुरकुत्या काढायला इथल्या शिवाजीनगरला रोलवर पाठवावं लागतं, तिथं लग्नसराईची गर्दी म्हणजे विचारू नका. फोन बिघडलाय, म्हणून उचलला नाही. दुरुस्तीला दिलाय.

बाकी दुकान चाललंय. आमचे हे गेल्यापासून सगळं माझ्याच डोक्यावर. कोट, ब्लँकेट आता बोम्मसंद्राच्या मोठ्या कारखान्यात धुवायला पाठवतो, सकाळी व्हॅन येऊन गाठोडी घेऊन जाते. हातचं काम तेवढं दुकानात राहिलं.

सोबत मैसूरपाक पाठवते, शुद्ध तुपाचा आहे. तुमी ब्लाउजचं कापड दुकानात बघून ठेवा, रंग तुमाला पाठ असणारच. काळजी करू नका.

मालन


सांगली,
६ मार्च

मालनबाई,

मैसूरपाक पोचला. मी शालू मागितला होता.

एकोणीस वर्षांत तुम्ही मला चहाच्या पलीकडे काही दिलं नाहीत, ते मला कधी खटकलंही नाही. उलट गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं नाही हीच तुमची रीत, म्हणून तर मला तुम्ही आवडायचात. आणि आता एकदम तुपाचा मैसूरपाक, वर ‘काळजी करू नका’. बाई, तुमच्या त्या ‘काळजी करू नका’नंच मला घाम फुटला.

काय झालंय ते सरळ सांगा. भोक पडलं? डाग पडला? इस्त्री लागली? जुनं कापड आहे, होतं असं, मी समजू शकते. काठाला चटका बसला असेल तर निऱ्यांमध्ये लपेल. पदर विरला असेल तर रफूवाला माझ्या ओळखीचा आहे. पण जे झालं असेल ते माझ्यासमोर येऊ दे, तुमच्या फडताळात दडवून काय होणार?

शलाका काल म्हणाली, ‘आई, कपाटाची किल्ली दे ना, एकदा अंगावर टाकून बघते.’ मी किल्ली हरवल्याचं सोंग केलं. साठीला आलेली बाई मी, स्वतःच्या मुलीसमोर गाद्या उचलून किल्ली शोधत होते. मला हे जमत नाही.

वीस तारखेनंतर नंदकिशोर ऑफिसातल्या जुन्या मित्रांना भेटायला बेंगळुरूला येताहेत. शालू ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत त्यांच्या हाती द्या.

कल्पना


राजाजीनगर,
१२ मार्च

कल्पनाताई,

नंदकिशोरसाहेबांना दुकानात पाठवू नका. त्यांच्या हातात द्यायला माझ्याकडं काही नाही. शालू जळाला.

बसून वाचा ताई, आणि कुणी जवळ नसताना वाचा.

आमच्या मागच्या गल्लीत जयसिंगराव म्हणून आहेत. तुमी बघितलं असेल, पांढरा फेटा बांधून देवळात येतात ते. आमच्यातलेच, जुने मराठे, शंभर जुन्या गोष्टी सांगतात. त्यांच्या मिसेस संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी पहाटे गेल्या. झोपेतच. त्यांच्या नातीच्या साखरपुड्याला नेसायचा म्हणून त्यांचा लग्नाचा शालू माझ्याकडं धुवायला होता. तयार होऊन माळ्यावरच्या फळीवर ठेवला होता. त्याच्याच शेजारी तुमचा.

उजेड व्हायच्या आधी त्यांच्या सुनेचा, भव्याचा फोन आला. ‘मालनक्का, आई गेल्या. शालू पायजे.’ अहेव बाई गेली की तिला तिचा लग्नाचा शालू नेसवून, ओटी भरूनच नेतात आमच्यात, तुमच्यातही तेच. मी तशीच पदर खोचून खाली आले, शटर उघडलं. त्यांचा मुलगा त्रिविक्रम दारात उभा, डोळे लाल.

आता आमच्या सासऱ्यांनी घातलेली एक रीत आहे दुकानाची. मयताच्या घरून कापड मागायला आले तर पावती मागायची नाही, बिल विचारायचं नाही, आणि बांधलेलं गाठोडं त्यांच्यासमोर सोडून दाखवायचं नाही. त्यांना थांबवायचं नाही. हातात द्यायचं आणि हात जोडायचे. आजवर कितीजणांना असं दिलं, कधी चुकलं नाही.

जरीची साडी आमी जर आत घेऊन उलटी घडी घालतो आणि पांढऱ्या मलमलीत बांधतो, म्हणजे जर काळी पडत नाही. वरून दोन्ही गाठोडी सारखीच. माझ्या डोक्यात बसलं होतं, उजवीकडचं त्यांचं. मी उजवीकडचं दिलं.

चार दिवसांनी उमाजीभावोजी गावाहून आले. तुमाला पार्सल करायचं म्हणून त्यांनी राहिलेलं गाठोडं सोडलं. आत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. हिरवा तर तुमचाही होता, पण तुमच्या काठावर मोर. ह्याच्यावर कोयऱ्या.  मी काउंटरखाली फरशीवर बसले ती बसलेच, गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं.

तोवर राखही सावडून झाली होती.

फोन बिघडला नव्हता. सांगलीचा नंबर दिसला की मी तो गादीखाली सारत होते. जयसिंगरावांनाही मी सांगितलं नाही. त्यांच्या घरासमोरून जायचं टाळते, दुधाला लांबच्या रस्त्यानं जाते. त्यांची बायको दुसरीच्याच शालूत गेली हे कुठल्या तोंडानं सांगू? ते ऐंशीचे आहेत.

तुमच्या आईचा शालू मी सरणावर पाठवला ताई. शिव्या घाला, पण पत्राचं उत्तर द्या.

मालन


सांगली,
१८ मार्च

मालनबाई,

तुमचं पत्र वाचताना दूध उतू जाऊन गॅस विझला, वास घरभर पसरला, तरी मला कळलं नाही. नंदकिशोर धावत आले आणि त्यांनी शेगडी बंद केली. काय झालं ते विचारायला लागले. पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून खुर्चीवर बसले आणि बराच वेळ नुसते ‘अरे, अरे’ म्हणत राहिले.

जळाला म्हणजे मला वाटलं इस्त्रीनं. पुढचं वाचेपर्यंत मी मनात म्हणतेय, इस्त्रीनं जळाला असेल तर कितीसा जळेल. आणि मग सरण. मड्यावर! माझ्या आईचा शालू, जो तिला स्वतःला मेल्यावर मिळाला नाही, तो कुणा परक्या बाईच्या अंगावर घालून पेटवला. आणि त्याच शालूत माझी मुलगी सात पावलं चालणार होती. मला काल झोप नाही. डोळा लागला की ते काठावरचे मोर दिसतात. तुम्ही रीत सांगताय मला. चांगुलपणाची रीत म्हणे. पावती मागितली असती तर कोण मेलं असतं? जी मरायची ती मेलीच होती.

वाईट बोलले. खोडत नाही, राहू दे.

एक मात्र मला पटत नाही. त्या घरात बायका नव्हत्या का? सुना, लेकी, नणंदा? मेलेल्या बाईला चार बायका मिळून नेसवतात. सासू जन्मभर जो शालू मिरवत होती त्याच्या काठावर मोर की कोयरी हे एकीलाही कळू नये? बायकांना कळतं, मालनबाई. उंची शालू फुकटात मिळाला म्हणून मूग गिळून नेसवला असेल, आणि तुम्ही इथं चोरासारख्या लांबच्या रस्त्यानं दूध आणताय.

तुम्ही त्यांचं गाठोडं घ्या आणि त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवा. सांगा त्याला. हा धक्का मी एकटीनं का खायचा? त्यांनी ती राख श्रीरंगपट्टणला सोडली असेल, त्यात माझ्या आईची जर होती हे त्यांना कळू दे. मला दुसरं काही नको. भरपाईचा शब्द काढलात तर तुमचं पत्र पुन्हा उघडणार नाही.

शलाकाला मी अजून सांगितलेलं नाही.

कल्पना


राजाजीनगर,
२७ मार्च

कल्पनाताई,

तुमी सांगितलं ते केलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

गाठोडं घेऊन दुपारी गेले. जयसिंगराव व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. फेटा नव्हता, तसे मी त्यांना कधी बघितलेच नव्हते. भव्या आत भाकरी करत होती. मी गाठोडं स्टुलावर ठेवलं आणि सोडलं. म्हटलं बघून कळेल.

त्यांनी बघितलं. हात लावला नाही. म्हणाले, ‘मालनक्का, हा इथं कशाला आणलास?’

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गाठोडी बदलली, तुमच्या घरच्या लक्ष्मीला परक्याचं नेसवून पाठवलं, पाप माझं. रडत होते मी ताई, खोटं सांगत नाही. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, ‘मला माहीत होतं.’

मला वाटलं वय झालंय, ऐकण्यात काही चुकतंय. परत सांगायला लागले. ते म्हणाले, ‘सरी सरी, ऐकलं. गाठोडं माझ्यासमोरच सोडलं. मोर होते. तिच्या शालूवर मोर नाहीत.’

भव्या पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं बघून म्हणाले, ‘ह्या पोरीनं विचारलं मला.’ भव्यानं खाली मान घातली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. ती म्हणाली, ‘मी विचारलं अक्का. म्हटलं, मामा, हा आपला वाटत नाही, मालनक्कांना परत फोन करू का. तर मामा म्हणाले, आपलाच आहे, नेसवा.’

 दोन महिने मी त्या माणसापासून तोंड लपवत होते. अन्न गोड लागत नव्हतं. आणि तो माणूस सगळं बघून, समजून, ‘आपलाच आहे’ म्हणाला होता. मी उभी राहिले. वडीलधारे आहेत हेही विसरले. विचारलं, का? दुसऱ्याचं कापड आहे हे कळत असताना का?

तेव्हा त्यांनी सांगितलं. ह्या त्यांच्या दुसऱ्या. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, गल्लीत कुणाला नाही. पहिली लग्नानंतर वर्षाच्या आत बाळंतपणात गेली, माहेरी, गावाकडं. तिचा शालू इथं सासरी राहिला होता. ह्यांच्या आईनं दुसरीला तोच नेसवून बोहल्यावर उभी केली, म्हणाली एवढं भारी कापड सुम्मने पडून का ठेवायचं. पुढं प्रत्येक कार्याला, प्रत्येक सणाला तोच. ‘एकदा बोलली मला,’ जयसिंगराव म्हणाले, ‘पहिल्या दिवाळीला. मला दुसरा घ्या, साधा चालेल, ह्याच्यात मला मेलेल्या बाईचा वास येतो. मी म्हटलं, आई काय म्हणेल. नंतर परत बोलली नाही.’

आणि मला एकदम आठवलं. बाकीच्या बायका जरीची साडी देतात तेव्हा तीन-तीनदा बजावून जातात, इथं बघा, तिथं बघा. ह्या कधीच नाही. एकदा उमाजीभावोजी म्हणाले, डाग पूर्ण गेला नाही, परत करतो. तर म्हणाल्या, ‘राहू दे स्वल्प. चालतंय.’ मला वाटायचं, किती समजूतदार गिऱ्हाईक.

म्हणाले, ‘त्या दिवशी गाठोडं सुटलं आणि आतून दुसराच निघाला. मला वाटलं देवानंच पाठवला. कुणाचा आहे हा विचार नंतर आला. तोवर ओटी भरून झाली होती. छान दिसत होती ती.’

मला त्यांची दया यायला पायजे होती. आली नाही. मी म्हटलं, ‘अण्णा, तुमाला घ्यायचा होता तर दुकानं उघडी होती, एवढी वर्षं.’  मी निघताना ते म्हणाले, हे गाठोडं परत घेऊन जा, मला घरात नको. मी म्हटलं, तुमचं कापड आहे, तुमच्या घरात राहू दे, आमचं दुकान गोदाम नाही. ठेवून आले. 

तुमी म्हणत होता बायकांना कळतं. कळलं होतं.

मालन


सांगली,
३ एप्रिल

मालनबाई,

ह्याला म्हणतात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. जन्मभर बायकोला एक साडी घेतली नाही, आणि शेवटी औदार्य सुचलं ते माझ्या आईच्या शालूवर. ‘छान दिसत होती’ म्हणे. हातात पत्र घेऊन मी घरभर फेऱ्या मारत होते. नंदकिशोर म्हणाले, ‘जाऊ दे, म्हातारा माणूस आहे.’ मी त्यांना असं काही बोलले की ते छत्री घेऊन बाहेर निघून गेले. बाहेर ऊन होतं.

मग मी एकटी घरात, तेवढ्यात शलाका ऑफिसातून लवकर आली. माझा चेहरा बघून म्हणाली, ‘काय झालंय? कपाटाचं काहीतरी आहे ना?’ पोरगी तेव्हाच ओळखून होती. मला सोंग करण्याचा इतका कंटाळा आला होता की तुमची सगळी पत्रं आणि माझ्या उत्तरांचे कच्चे खर्डे काढून तिच्यासमोर ठेवले.

ती वाचत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं रडेल, माझ्यावर ओरडेल, तुमच्यावर ओरडेल. तोंडावर हात ठेवून वाचत होती. तुमचं शेवटचं पत्र वाचून झाल्यावर तिनं सगळे कागद नीट जुळवून ठेवले. म्हणाली, ‘आई, म्हणजे त्यांना जातानाही दुसरीचाच मिळाला, आजीचा. शेवटपर्यंत स्वतःचा एकही नाही.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस आईच्या शालूसाठी रडत होते. तो कुणाच्या अंगावर होता त्या बाईचा मी विचारच केला नव्हता. तुम्हाला लिहिताना तर तिला मी ‘मडं’ म्हटलं. ते अजून त्या पत्रात आहे, शलाकानं वाचलं, मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

लग्नाचं ठरलं ते असं. शलाकानं परवा बाजारातून एक साधा नवा शालू आणला, मोतिया रंगाचा, स्वतः पसंत करून. मी काही बोलले नाही. मला तो अजून आवडलेला नाही, पण आवडेल.

दुसरं, लग्नाआधी आमच्यात सवाष्ण जेवायला घालतात. घरातून अहेव गेलेल्या बायकांच्या नावानं, एकेक सवाष्ण बसवून, कुंकू लावून, ओटी भरून. शलाका म्हणते, ‘एक पान त्यांच्या नावानं. आजीच्या शालूत गेल्या, म्हणजे आपल्याच घरातून गेल्या.’ आमचे गुरुजी ऐकून जरा घुटमळले, पण शलाकापुढे कुणाचं चाललंय. मी तर होच म्हणाले. त्या सवाष्णीला देण्यासाठी शलाकानं एक कोरी साडी घेतली आहे, डाळिंबी.

पान मांडताना नाव घ्यावं लागतं. मी सगळी पत्रं पुन्हा चाळली. तुम्ही लिहिलंय ‘जयसिंगरावांच्या मिसेस’, ‘ह्या’, ‘दुसऱ्या’. मी काय लिहिलंय ते सांगितलंच. त्या बाईंचं नाव काय?

कल्पना


राजाजीनगर,
१४ एप्रिल

कल्पनाताई,

तुमचं पत्र वाचून मी नाव लिहायला पेन उचललं आणि हात थांबला. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं माझ्या काउंटरवर आल्या, त्यांच्या साडीचा पोत मला पाठ, घडीवर कुठं विरली आहे ते पाठ. पावती नेहमी जयसिंगरावांच्या नावानं फाटायची. समोरासमोर मी त्यांना ‘अक्का’ म्हणायचे. उमाजीभावोजींना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की जेवले नाही.

त्या घराची पायरी परत चढायची नाही असं ठरवलं होतं, पण चढले. जयसिंगराव व्हरांड्यातच होते. ते गाठोडं त्यांच्या शेजारी स्टुलावर तसंच पडलं होतं, मी ठेवून आले तसं. मी तुमचं सगळं सांगितलं, शलाकाचं, सवाष्णीचं. म्हटलं, नाव सांगा.

म्हणाले, ‘शिवलीला.’

मी ते मनात घोकत उठणार, तर भव्या आतून म्हणाली, ‘मामा, ते नाव पहिल्या आईंचं ना? देवघरात टाक आहे त्यांचा, त्यांच्या श्राद्धाला गुरुजी तेच नाव घेतात.’ ते म्हणाले, ‘हिचंही तेच. लग्नात तांदळात नाव लिहितात तेव्हा आईनं तेच लिहायला लावलं. घराला हाक मारायची सवय झाली होती.’

मी आणि भव्या एकमेकींकडं बघत राहिलो.  शेवटी मी विचारलं, आणि माहेरचं?

ते खूप वेळ बसले ताई. कपाळाला हात लावला, डोळे मिटले. ओठ हलत होते. भव्याला वाटलं तब्येत बिघडली, पाणी आणलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. म्हणाले, ‘येत नाही मला.’ मग लहान पोरासारखे घाबरून माझ्याकडं बघायला लागले. ‘मालनक्का, मला तिचं नाव येत नाही.’ त्यांची पोरं तिथंच होती, दोन मुलगे, एक लेक सुट्टीला आलेली. आईचं माहेरचं नाव एकालाही माहीत नव्हतं. लेक रडायला लागली.

होसूरला अक्कांचा एक धाकटा भाऊ आहे, योगीराज. अंथरुणावर आहे, पण बोलतो. भव्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याला आधी कळेना हे काय विचारताहेत. मग कळलं.  तसा तो म्हणाला, ‘आता विचारताय होय भावोजी?’ आणि सांगितलं.

जयसिंगरावांनी ते परत सांगायला लावलं. मग स्वतः एकदा म्हणून बघितलं, अडखळत, जसं परक्या माणसाचं नाव घेतात तसं. भव्या तोंडाला पदर लावून आत गेली. मी नमस्कार न करताच निघून आले.

तिचं नाव अंबुजा. पान मांडाल तेव्हा तेच घ्या ताई, आणि स्वल्प मोठ्यानं घ्या.

मालन